पेचकस

पारडी नाक्यावरच्या पोरानं
केबिनमध्ये न चढताच सांगितलं,
"क्रँकचे बेरिंग गेले काका. हाफ इंजिन करा लागते.
बहात्तर हजार धरून चाला."

मग मी बहात्तर हजार धरून चाललो,
पारडीपासून वाडीपर्यंत, रिंग रोडनं,
पंचविसाच्या वर काटा न जाऊ देता.
मागचे हॉर्न देत होते, बाजूनं जाताना शिव्याही,
आणि खाली टक् टक् टक् टक्,
प्रत्येक टक्‌ला मी एक वजाबाकी करत होतो.

गाडी सतरा फुटी, दोन हजार आठची.
माझ्या आधीच्या तीन मालकांची नावं
दारावर एकाखाली एक रंगात दबली आहेत.
दुपारच्या तिरप्या उन्हात मधलं अजून वाचता येतं.

हिशेब बेबीनंदा ठेवते,
पोरीच्या भूगोलाच्या जुन्या वहीत, नकाशांच्या मागच्या पानांवर.
क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, रिलीज बेरिंग: साडेअकरा.
पंप आणि नोझल: चौदा.
कोंढाळीच्या पुढे रेडिएटर उकळलं, मे महिना,
कोर आठ हजार दोनशे,
आणि टमाटरचे चाळीस क्रेट, त्यांचा आकडा तिनं लिहिला नाही.
जे काम दुसऱ्यांदा निघतं त्याला ती गोल करते.
किंगपिनला तीन गोल आहेत.

वाडीत हफीज मिस्त्री.
चाळीस वर्षं पाट्यांवर घण मारून
त्याचे दोन्ही कान गेले.
मी टक् टक् करून दाखवलं, तोंडानं.
तो हसला. खिशातून लांब पेचकस काढला,
मूठ दातात धरली,
टोक चालत्या इंजिनाला लावलं.
"कान गेले बावा, दात हायेत. तेबी चारच."

ब्लॉकवर इथे, मग तिथे. मान हलवली, नाही.
खाली चेंबरला. नाही.
मग बाजूला, हवेच्या कंप्रेसरवर,
आणि त्याचे डोळे मिटले,
लग्नात ओळखीचं कोणी दिसल्यावर उघडतात
त्याच्या नेमके उलटे.

मूठ बनियनला पुसून त्यानं मला दिली.
"तू आयक."

डिझेल, त्याचा खर्रा, लोखंड
अशी चव आधी आली.
मग कवटीत इंजिन.
नऊ वर्षं मी तिच्यावर बसतो आहे,
पण ती आतून अशी गोल फिरते, न अडखळता,
हे मला माहीत नव्हतं.
त्यानं माझं डोकं धरून टोक कंप्रेसरवर सरकवलं:
रिकाम्या डब्यात सुपारी.

"याची रॉड ढिली हाय. साडेसहा हजार.
इंजिनले हात नोको लावू कोणाले देऊ."

पासष्ट हजार पाचशे रुपये,
जे माझ्याजवळ कधी नव्हतेच,
ते वाचले.
मी चहा सांगितला. तो म्हणाला, काय?
मी पुन्हा सांगितला. मग नुसताच कप करून दाखवला हातानं.

संध्याकाळी गाडी चालू केली.
तो बोनेटकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत राहिला,
वाजते की नाही, ते तिथे वाचायला.
मी मान हलवली. त्यानं मजुरीचे दोनशे परत केले,
का, ते दोघांनीही विचारलं नाही.

घरी भाकर चावताना
मागच्या दाढेत इंजिन अजून चालू होतं.
बेबीनंदानं वही उघडली, कंप्रेसर, साडेसहा,
मग थांबली.
"वळताना स्टेअरिंग ओढते का अजून?"
मी पाणी प्यालो.
तिनं किंगपिनला चौथा गोल केला,
पेन्सिलनं, हलकाच.